कांदाचाळ आणि नानांची फियाट : पावसाळ्यात उघड्यावर गाडी कशी जपावी



चौथीच्या मुलांना मी दरवर्षी गंज शिकवते. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो. फळ्यावर हे लिहायला दोन मिनिटं लागतात. मला स्वतःला ते नीट कळायला मात्र एक अख्खा पावसाळा लागला, आणि त्यात माझ्या वडिलांच्या गाडीचा तळ गेला.

नानांची गाडी म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला सगळे फियाटच म्हणतात, आणि ते चूक नाही. मूळची ती इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात ती बनायची, 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा नानांनी ती बातमी कापून डायरीत ठेवली होती.

सिन्नर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराला पडवी होती. गाडी तिथे उभी असायची. घर विकलं, नाना आमच्याकडे नाशिकला राहायला आले, सोबत गाडीही आली. आमच्या कॉलनीत छताखाली जागा नाही, कंपाउंडच्या कडेला माती-गवताचा एक पट्टा आहे. मी म्हटलं, काळजी करू नका नाना, मी बघते. जाड निळा प्लास्टिकचा कागद आणला आणि तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी गाडी टायरपर्यंत गुंडाळून सुतळीने आवळली. जूनच्या पहिल्या आठवड्यात बांधलेली गाडी दसऱ्याच्या आधी सोडली.

दरवाजा उघडताच कुबट वास आला. सीटवर पांढरी बुरशी होती. नानांनी पायाखालची मॅट उचलली आणि पत्र्यावर अंगठा दाबला, तर अंगठा आरपार! ते एवढंच म्हणाले, "पडवीत वीस वर्षं होती गं ही." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तळ सडणं ही नुसती दिसण्याची बाब नाही. ट्रकला खाली वेगळा सांगाडा असतो आणि त्यावर बॉडी बसवलेली असते. या गाडीला तसा सांगाडा नाही, तिची बॉडीच सगळा भार पेलते. म्हणजे तळ कुजला की गाडीचा कणाच कुजला. वेल्डिंगवाल्याने पत्रा कापून ठिगळ लावलं. भंगारवाला दोनदा दारावर येऊन गेला.

मग प्रश्न पडला. पावसाचा एक थेंबही आत गेला नव्हता, मग पाणी आलं कुठून? ते खालून आलं. भिजलेली माती दिवसभर वाफ सोडते. प्लास्टिकच्या तंबूत ती वाफ कोंडते. रात्री पत्रा गार होतो आणि फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्यावर जसे थेंब जमतात तसे ते पत्र्यावर जमतात. सकाळी ऊन आलं की परत वाफ, रात्री परत थेंब. चार महिने हेच चाललं. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की लोखंडाचा गंज वेग घेतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तो बहुतेक वेळ त्याच्या वरच असतो.

वर्गात मी हे करून पाहिलं. चार खिळे, ओल्या फडक्याचे चार तुकडे. दोन खिळे ओल्या फडक्यावर ठेवून खिडकीत उघडे, दोन तसेच ओल्या फडक्यासह प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. आठ दिवसांनी पिशवीतले खिळे लालभडक झाले होते. खिडकीतलं फडकं पहिल्याच दिवशी वाळलं, त्यावरच्या खिळ्यांना जेमतेम डाग पडले. एक मुलगा म्हणाला, "बाई, पिशवीतला खिळा तर झाकलेला होता!" हाच तर धडा. मी पुस्तकातल्या तीन परीक्षानळ्यांच्या प्रयोगाआधी आता हाच घेते.

उत्तरही त्याच वर्गातून आलं. शाळेत शेतकऱ्यांची मुलं बरीच आहेत. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि पावसाळाभर चाळीत राहतो. नेमके तेच महिने! आणि कांद्याचा शत्रूही तोच, कोंडलेली ओल. कांदाचाळ कशी असते ते नाशिककरांना सांगायला नको. तळ जमिनीपासून उचललेला, खालून हवा जाते. बाजूला पट्ट्या, मध्ये फटी. छप्पर दोन्हीकडे पुढे काढलेलं, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. कांद्याच्या ढिगावर थेट प्लास्टिक टाकून कुणी चार महिने निश्चिंत झोपत नाही. लासलगावच्या बाजारात कांदा विकणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर माझा तळ वाचला असता.

तेव्हा गाडीसाठी आम्ही चाळच केली. मातीचा पट्टा सोडला. कॉलनीतल्या लोकांना विनंती करून कोपऱ्यातली थोडी उताराची, फरशी असलेली जागा मिळवली. झाडाखाली मुद्दाम नाही, कारण पाऊस थांबल्यावरही झाड तासभर गळत राहतं आणि पानं काचेखालच्या खाचेत कुजतात. चार लोखंडी पाइप उभे केले, एका बाजूला उतार देऊन ताडपत्री ताणली. ताडपत्री टपापासून चांगली हातभर वर, बाजू मोकळ्या. गाडीवर फक्त जुन्या सुती चादरी, धुळीसाठी, त्याही उघडीप मिळाली की काढून वाळवायच्या. काचा बोटभर खाली. मॅट काढून घरात. बाजूने येणाऱ्या झडीने गाडी थोडी भिजते, पण वारा तिला वाळवतो. आपल्या शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस होतो म्हणून हे चालतं. इगतपुरीला ३००० च्या वर पडतो, तिथे राहणाऱ्यांनी पश्चिमेची बाजू तरी पत्र्याने बंद करावी. कोकणात समुद्राचं खारं वारं असतं आणि मीठ गंजाला पळवतं, तिथे गाडी अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावीच लागते. थंड देशांत लोक जुन्या गाड्या हिवाळ्यात बंद ठेवतात, त्याचं एक मोठं कारणही मीठच आहे. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून ते मीठ टाकतात.

आपला हिवाळा तर गाडीचा माहेरवास. हवा कोरडी असते. निफाडला पारा कधी ५ अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, पण गाडीचं फार तर बॅटरी सकाळी कुरकुरते एवढंच.

आता एक गोष्ट, जी मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळली. प्रत्येक मोटारीच्या दरवाजाच्या आत पावसाचं पाणी जातं. काचेच्या बाजूचं रबर ते पूर्ण अडवू शकत नाही. म्हणून दरवाजाच्या तळाशी बारीक भोकं असतात, त्यातून ते बाहेर पडतं. धूळ-पानांनी ती बुजली की पाणी आतच साचतं आणि दरवाजा आतून कुजतो, वरचा रंग चकाचक असताना! मेच्या शेवटी एक खराटा-काडी घेऊन ही भोकं मोकळी करायची, मग वरून तांब्याभर पाणी ओतून खाली येतं का बघायचं. कॉलनीतली पोरं हे काम आवडीने करतात.

इंजिनाबाबत मी आधी रोज पाच मिनिटं गाडी चालू करायचे. नानांनी थांबवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी! इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, पाणी आतच राहतं आणि तो आतून सडतो. एकतर वीस-पंचवीस मिनिटं गाडी खरोखर चालवून आणा, नाहीतर हात लावू नका. आम्ही उघडीप बघून पंधरा दिवसांनी एक फेरी मारतो. त्याने टायरचा एकच भाग दबून सपाटही होत नाही. फेरी जमणार नसेल तर निदान गाडी अर्धं चाक पुढे ढकलावी. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरावी. हँडब्रेक ओढून ठेवू नये, ओलीत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. पुढे-मागे चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

पेट्रोलचं दुखणं नवं आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि टाकी लोखंडी. जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात. आम्ही नळ्या बदलल्या. टाकी जवळपास भरलेली ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. पण गाडी सहा महिने हलणारच नसेल तर टाकी आणि कार्बोरेटर मेकॅनिककडून रिकामे करून घेतलेले बरे. हे काम घरी, मुलांसमोर अजिबात नको.

बॅटरी काढून घरात ठेवायची. आधी ऋण टोक, मग धन. मुलांनी विचारलं, का? गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी पडते. ऋण आधी सुटलं असेल तर मंडल तुटलेलंच असतं, पाना कुठेही लागो. बसवताना उलट क्रम. महिन्याने मीटर लावायचा, १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं की चार्जिंग.

उंदरांसाठी लोक तंबाखूची पुडी ठेवा म्हणतात. आमच्या उंदरांना ती चालली. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा की फडकं आहे. नाहीतर आपणच विसरतो.

मागच्या दसऱ्याला ठोकळे काढले, बॅटरी बसवली, ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहिले, चिठ्ठी वाचून फडकं काढलं. नानांनी चोक ओढला. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. त्यांनी आधी वाकून मॅटखाली हात घातला, ठिगळाच्या कडा चाचपल्या. कोरड्या होत्या. मागच्या डाव्या दरवाजाचं एक भोक मात्र बुजलेलं निघालं. त्यातून पेलाभर तांबूस पाणी आलं.