पद्मिनी कोणत्या वर्गात बसते?

‘प्रीमियर पद्मिनी’ ही काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून आता निवृत्त झाली आहे. अशी शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ साली तीही थांबली. काही हौशी मंडळींनी मात्र या गाड्या जपून ठेवल्या आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परळच्या एका गॅरेजात अशीच एक पद्मिनी ‘ऑटोक्रॉस’साठी तयार करायला घेतली, आणि पदार्थविज्ञानाचा एक तास तिथेच झाला.

ऑटोक्रॉस म्हणजे बंदिस्त मैदानावर, आपल्याकडे बहुधा मातीवर, आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावरची शर्यत. गाड्या साधारणपणे एकेक सुटतात आणि कमी वेळ घेणारा जिंकतो. येथे खरी लढत घड्याळाशी असते.

लहान इंजिनाची गाडी मोठ्या इंजिनाच्या गाडीशी लढवणे अन्यायाचे होईल. म्हणून इंजिनाच्या घनफळावरून वर्ग पाडतात. हे घनफळ कसे काढायचे? सिलिंडरच्या व्यासाला मेकॅनिक ‘बोअर’ म्हणतात, आणि दट्ट्या जितका वरखाली सरकतो त्या अंतराला ‘स्ट्रोक’. पद्मिनीचा बोअर ६.८ सें.मी., स्ट्रोक ७.५ सें.मी. आणि सिलिंडर चार.

घनफळ = (π ÷ ४) × ६.८² × ७.५ × ४ = सुमारे १०८९ घन सें.मी.

म्हणजे ११०० ‘सीसी’पर्यंतचा वर्ग असेल, तर गाडी त्यात बसते. माझ्या विद्यार्थ्यानेही तसेच धरले होते. पण मिस्त्रींनी इंजिन उघडून मापले, तेव्हा बोअर ६.८४ सें.मी. भरला! जुने सिलिंडर झिजले की ते कातून मोठे करतात आणि मोठे दट्टे बसवतात. पूर्वीच्या मालकाने तसे केले होते. आता गणित पुन्हा करा. उत्तर येते सुमारे ११०२. व्यासात फरक अवघा ०.४ मि.मी.; पण व्यासाचा वर्ग होतो आणि सिलिंडर चार आहेत. कागदोपत्री गाडी १०८९ ची, प्रत्यक्षात मर्यादेबाहेरची. “सर, कोण बघणार आहे?” असे तो आधी म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून त्याने अर्जावर वरचा वर्ग लिहिला. मोजमाप कळल्यावर दुसरे काही लिहिता येत नाही.

आता वळणाकडे येऊ. वळताना लागणारे अभिकेंद्री बल टायर आणि जमीन यांच्यातील घर्षणातून मिळते. म्हणून mv² ÷ r हे μmg पेक्षा जास्त होऊ शकत नाही. दोन्हीकडचे m निघून जाते आणि उरते v² = μgr. मातीवर μ = ०.५ आणि वळणाची त्रिज्या १२ मीटर धरली, तर वेग निघतो सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरच.

वस्तुमान निघून गेले, तर गाडी हलकी कशाला करायची? पहिले कारण, तेवढ्याच बलाने हलकी गाडी जास्त त्वरण घेते. दुसरे कारण टायरच्या रबरात आहे. वळताना भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. पण भार वाढला त्या प्रमाणात रबराची पकड वाढत नाही. त्यामुळे एकूण पकड घटते. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका भार जास्त सरकतो आणि गाडी उलटण्याची भीतीही वाढते. म्हणून टपावरचा कॅरियर आधी उतरवला.

मग डिकी रिकामी केली. जॅक, पाने, बाटल्या बाहेर काढल्या. कारण ब्रेक लावला तरी सुटी वस्तू जडत्वामुळे पुढे जाते आणि ब्रेकच्या पायपट्टीखालीही अडकू शकते. बॅटरी घट्ट आवळली. चाकांचे नट, ब्रेकचे तेल, टायरमधील हवा तपासली. आसनपट्टा आणि हेल्मेट तर हवेच. त्या त्या शर्यतीची नियमपुस्तिका आधी वाचावी. आपल्याकडे या खेळाचे नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही संस्था करते. रस्त्यावरची शर्यत मात्र खेळ नव्हे; तिथे वळणापलीकडे माणसे असतात.

जाता जाता एक उदाहरण. मारुती ८०० चा बोअर ६.८५ सें.मी., स्ट्रोक ७.२ सें.मी., सिलिंडर तीन. तिचे घनफळ काढा. मग बोअर किती वाढला तर ती ८०० ची मर्यादा ओलांडेल, तेही शोधा. उत्तर वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढे येईल!