नेब्बिओलोची पारख
वायव्य इटलीतील पिएमॉन्त प्रांतात, आल्बा या गावाभोवतीच्या लांगे टेकड्यांवर, नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षांपासून बारोलो आणि बार्बारेस्को या दोन ख्यातनाम रेड वाइन तयार होतात; नियमानुसार बारोलो किमान 38 महिने, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात, मुरवावी लागते, तर बार्बारेस्कोला एकूण 26 महिने पुरतात. नेब्बिओलोचा रंग फसवा असतो, कारण पेल्यात ती इतकी फिकट लाल दिसते की ती सौम्य असावी असे वाटते, परंतु पहिल्याच घोटात टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारे तुरट द्रव्य, कच्चे जांभूळ खाल्ल्याप्रमाणे जीभ आणि हिरड्या आखडून टाकते. तुलना करताना एकाच वर्षाच्या, पण वेगवेगळ्या गावांच्या बाटल्या लेबल झाकून शेजारी ठेवतात आणि पेला हलवून आधी वास घेतात, ज्यात सुकलेला गुलाब आणि डांबर यांचा काहीसा विचित्रच संयोग ओळखू येतो. ला मोर्रा गावची बारोलो बहुधा सुगंधी व मऊ असते, तर सेर्रालुंगा द'आल्बाची कणखर, आणि तिची बाटली दहा वर्षांच्या आत उघडणे बहुतेकदा घाईचे ठरते. हा फरक मातीचा मानला जातो, तरी उत्पादकाचा हातही त्यात कमी नसतो.