व्हिस्कीला रंग पिंपातून येतो

भट्टीतून नुकतीच उतरलेली व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. तांबूस रंग आणि व्हॅनिलाचा गंध ही ओकच्या पिंपाची देणगी.

अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीला किमान 51 टक्के मका लागतो आणि पिंप कोरे, आतून जाळलेले. भरपूर जाळले की लाकूड मगरीच्या पाठीसारखे भेगाळते आणि दारू त्या भेगांत शिरते.

रिकामी झालेली हीच पिंपे स्कॉटलंडला जातात. तिथे स्कॉच किमान 3 वर्षे मुरते. आयला बेटावरच्या बहुतेक स्कॉचला धुराचा वास असतो, कारण मोड आणलेली बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, धुरावर वाळवतात.

गोव्याच्या उकाड्यात व्हिस्की लवकर मुरते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे 2 टक्के उडून जाते, गोव्यात त्याच्या कितीतरी पट. म्हणून गोव्याच्या 6 वर्षांच्या मॉल्ट व्हिस्कीला कोवळी म्हणणे चूक.