जेद्दा ते अल-उला : ट्रेन, बस की गाडी?



जेद्दामध्ये नोकरीला आल्यापासून ठाण्याहून, अलिबागहून आणि दुबईतल्या आपल्या लोकांकडून मला एकच प्रश्न येतो. "अल-उला पाहायचं आहे, जेद्दाहून जमिनीवरून कसं जायचं?" आतापर्यंत प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत आलो. आता एकदाच नीट लिहितो, म्हणजे ज्याला हवं त्याने वाचावं.

आधी या दोन शहरांबद्दल थोडं. जेद्दा हे तांबड्या समुद्रावरचं जुनं बंदर. इ.स. ६४७ च्या सुमारास खलिफा उस्मान यांनी मक्केचं बंदर म्हणून ते निवडलं. इथली जुनी वस्ती म्हणजे अल-बलद. प्रवाळाच्या दगडांची घरं आणि त्यांना कोरीव लाकडी सज्जे. २०१४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. आपल्या कोकणातले हाजी मुंबईहून बोटीने याच बंदराला उतरत. ती बोट १९९५ पर्यंत चालू होती.

अल-उला म्हणजे तनाखमधलं ददान. यशयाच्या २१ व्या अध्यायात ददानी लोकांचे तांडे येतात आणि लगेच पुढच्या ओळीत तेमा, म्हणजे आजचं तैमा. यहेज्केलच्या २७ व्या अध्यायात हेच ददान सोर शहराला खोगिराचं कापड विकताना दिसतं. दक्षिण अरबस्तानातला ऊद-लोबान उंटांवरून उत्तरेला गाझापर्यंत जायचा, त्या वाटेवरचं हे पाण्याचं ठिकाण. टँजियरहून निघालेला इब्न बतूता १३२६ मध्ये हाजींच्या काफिल्याबरोबर इथून गेला. त्याने लिहून ठेवलंय की काफिला इथे चार दिवस थांबे, कपडे धुई, शिधा भरून घेई आणि जादा सामान गावकऱ्यांकडे ठेवून पुढे जाई, कारण माणसं विश्वासाची.

जवळच हेग्रा आहे. नबाती लोकांनी डोंगर कोरून केलेल्या शंभराहून जास्त कबरी. २००८ मध्ये सौदीतलं हे पहिलं जागतिक वारसा स्थळ ठरलं. त्यातल्या एका कबरीवर अरामी भाषेत लेख आहे, इ.स. ४२-४३ च्या सुमाराचा. कबर बांधणाऱ्याचं नाव शुबैतू, अलीऊचा मुलगा, आणि नावापुढे शब्द आहे "यहूदी". आपला कद्दिश आणि कतुबा ज्या अरामीत, त्याच भाषेत. मला विचाराल तर एवढ्या एका ओळीसाठी हा प्रवास करावा.

आता वाटा बघू. विमान जातं, पण इथे विचार फक्त जमिनीवरच्या वाटांचा.

पहिली वाट : पूर्ण गाडीने.
जेद्दा ते अल-उला साधारण सातशे किलोमीटर. नुसतं चालवायचं म्हटलं तरी सात-आठ तास. एक रस्ता मदिनेच्या बाजूने जातो, दुसरा किनाऱ्याने यानबूपर्यंत जाऊन मग आत वळतो. यानबूचा रस्ता लांब वाटतो, पण समुद्र सोबतीला असतो. चार-पाच जण असाल आणि चालवणारे दोघे असतील तर ही वाट स्वस्त पडते आणि सामानाची चिंता राहत नाही. एकट्याने चालवायचं असेल तर मी नको म्हणेन. रस्ते सरळ आणि मोठे, त्यामुळे डोळा लागतो. सूर्य मावळल्यावर उंट रस्त्यावर येतात, ते दिव्याच्या उजेडात शेवटच्या क्षणी दिसतात. इथे गाडी उजव्या बाजूने चालते, हेही पहिले दोन तास डोक्यात ठेवावं लागतं.

दुसरी वाट : बस.
पूर्वी शहरांमधल्या सगळ्या बसगाड्या साप्टको ही एकच कंपनी चालवायची, आता विभागवार वेगळ्या कंपन्या आहेत. बस सगळ्यात स्वस्त. पण दिवस किंवा रात्र पूर्ण बसमध्ये जाते, आणि अल-उलाला उतरल्यावर खरी अडचण सुरू होते. तिथली ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, पायी फिरता येत नाही. म्हणजे टॅक्सी आलीच. वाटेत खैबर बघायचं म्हटलं तर बस आपल्यासाठी थोडीच थांबणार! एकटा तरुण असेल, वेळ भरपूर असेल, तर ठीक. आई-वडिलांना घेऊन बसने जाऊ नका.

तिसरी वाट : मदिनेपर्यंत ट्रेन, पुढे भाड्याची गाडी.
हरमैन रेल्वे २०१८ मध्ये सुरू झाली. मक्का ते मदिना साधारण साडेचारशे किलोमीटर, वेग ताशी तीनशेपर्यंत. जेद्दाच्या सुलेमानिया स्टेशनवरून मदिनेला दोन तासांच्या आत-बाहेर पोचता. मुंबईहून येणाऱ्यांसाठी जेद्दा विमानतळाच्या टर्मिनल १ लाच स्टेशन आहे, शहरात शिरायचंही कारण नाही. तिकिटाला पासपोर्ट किंवा इकामा लागतो, आणि स्टेशनवर विमानतळासारखी तपासणी असते, तेव्हा आधी पोचा. रमजान आणि हजच्या दिवसांत तिकीट मिळणं कठीण, ते आठवडे टाळावेत.

एक गोष्ट ठळक सांगतो. जेद्दाहून एक गाडी मदिनेला जाते आणि दुसरी मक्केला. आपल्याला मक्केत प्रवेश नाही. त्यामुळे फलाटावर पाटी दोनदा वाचा. मदिनेत मस्जिद-ए-नबवी आणि तिच्या लगतच्या भागात आपण जायचं नाही. बाकी शहरातून हल्ली मुस्लिमेतरांना जाता येतं. रस्त्यावर हरमच्या हद्दीच्या पाट्या असतात, त्या पाळायच्या आणि निघण्याआधी ताजा नियम विचारून घ्यायचा. हा त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात वाद घालायला आपण आलेलो नाही.

मदिनेहून अल-उला सरळ रस्त्याने साधारण सव्वातीनशे किलोमीटर. पण मी खैबरवरून जातो. थोडा वळसा पडतो, पण खैबर मदिनेच्या उत्तरेला जेमतेम दीडशे किलोमीटर आहे. काळ्या लाव्हाचं पठार आणि मधे खजुराची हिरवी दरी. इथे यहुद्यांचे किल्ले आणि बागा होत्या. इ.स. ६२८ ची लढाई इथलीच. १२ व्या शतकातला तुदेलाचा बेन्यामीन आपल्या प्रवासवर्णनात खैबर आणि तैमाच्या यहुद्यांबद्दल लिहितो, पण त्याने ते स्वतः पाहिलं की ऐकलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. २०२४ मध्ये याच परिसरात चार हजार वर्षांहून जुनं, तटबंदीचं गाव सापडल्याचं संशोधकांनी जाहीर केलं. खैबरला जुने किल्ले बाहेरून बघावेत, शांतपणे. जे मनात येईल ते गाडीत बोला, रस्त्यावर नको.

तर मग निवड कशी करायची? बहुतेक लोक वेग आणि पैसे बघतात. आपण वेगळ्या टोकापासून मोजायला हवं : शुक्रवारचा सूर्यास्त. अल-उलाला डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान मावळतो. म्हणजे दिवे साधारण सव्वापाचला लागायला हवेत. सौदीत २०१३ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे, त्यामुळे नोकरदारांना वाटतं शुक्रवारी सकाळी निघू, संध्याकाळपर्यंत पोचू. कागदावर जमतं. पण शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, ट्रेन उशिरा आली किंवा टायर फुटला की शब्बाथ रस्त्यावरच लागतो. आपल्या पूर्वजांना कोकणात "शनिवार तेली" हे नाव पडलं ते घाणा बंद ठेवला म्हणून. गाडीचं चाक आपल्याला बंद ठेवता येणार नाही का?

म्हणून माझा हिशेब असा. गुरुवार आणि रविवार अशी दोन दिवसांची रजा काढायची. गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराची ट्रेन, दहाला मदिना. आधी बुक केलेली गाडी घेऊन अकराला बाहेर. दीडच्या आत खैबर, तासभर तिथे, आणि उजेड असतानाच अल-उला. शुक्रवारी सकाळी हेग्रा. तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही, आधी तिकीट काढून त्यांच्या वाहनातूनच जावं लागतं. तिथल्या वाटाड्याला "रावी" म्हणतात. त्यांना शुबैतूच्या कबरीबद्दल आवर्जून विचारा. दुपारपर्यंत मुक्कामावर परत. शनिवारचं कुठलंही तिकीट काढू नका. रविवारी सरळ रस्त्याने मदिना, गाडी परत, आणि ट्रेनने जेद्दा. गाडी जिथून घेतली तिथेच परत दिली की दुसऱ्या शहरात सोडण्याचे जादा पैसेही वाचतात.

दोनच दिवस हातात असतील तर जमिनीवरून जाऊ नका, एवढंच म्हणेन.

जेवणाचं. कोशर मांस मिळेल ही आशा सोडा. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. डाळ-तांदूळ, अंडी, भाजी, फूल म्हणजे इथली शिजवलेली बाकल्याची उसळ, आणि खजूर मुबलक मिळतात. पोहे आणि सुकं खोबरं घरून आणलं तर मलिदाही होतो. वाइन सोबत आणू नका, इथे दारूला कायद्याने बंदी आहे. किद्दुशसाठी आपल्या घरोघरचं काळ्या मनुकांचं सरबत आहेच. मनुका गुरुवारी रात्री भिजत घाला, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत छान उतरतं. सिद्दूर स्वतःपुरता, स्वतःच्या बॅगेत ठेवावा.

गाडीचं. इकामा असणाऱ्यांना सौदीचा परवाना हवा. भारतातून फिरायला येणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा आणि बुकिंगच्या वेळीच कंपनीला चालेल का ते विचारावं. २०१८ पासून इथे बायकांनाही गाडी चालवता येते, तेव्हा दोघांनी परवाना आणला तर उत्तम. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, पुढचा पंप दिसेल म्हणून थांबायचं नाही. पाणी गाडीत जास्तच ठेवा. वेगमर्यादेचे कॅमेरे सगळीकडे आहेत, दंड नंतर मोबाईलवर येतो. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. हिवाळ्यात रात्री थंडी पडते, स्वेटर हवाच. पाऊस आला तर कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतो, अशा दिवशी निघू नका.

शेवटचं, व्हिसाबद्दल. हे सगळं भारतीय किंवा इतर चालणाऱ्या पासपोर्टवाल्यांसाठी. हे लिहिताना इस्रायली पासपोर्टवर साधा पर्यटक व्हिसा मिळत नाही. म्हणजे अश्दोद, दिमोना, बेरशेबातल्या आपल्याच भावंडांना अजून ददान बघता येत नाही. तेव्हा जे जाल त्यांनी त्या कबरीवरच्या लेखाचा स्पष्ट फोटो काढा आणि त्यांना पाठवा.