सहाचा पाढा आणि लोकरीचा ऑक्टोपस

लोकरीचा ऑक्टोपस विणायला काय काय लागतं? जाडसर लोकरीचा एक गुंडा, चार मिलिमीटरची क्रोशाची सुई, आत भरायला थोडा कापूस आणि सहाचा पाढा.

हो, पाढासुद्धा! कापडाची बाहुली करायची असेल तर आधी कागदावर आकार काढावा लागतो, मग कापड कापायचं. क्रोशात यातलं काहीच करत नाहीत. टोकाला आकडी असलेली एक सुई आणि एक लांबच लांब धागा, एवढ्यावर काम चालतं. मग त्याच धाग्याची कधी चपटी चकती होते, कधी गोल चेंडू होतो, कधी वळ्यावळ्यांची भुजा होते, ते कशामुळे? कोणत्या फेरीत किती टाके घातले, त्यामुळे! आकार ठरतो तो मोजणीनं. समुद्रातल्या कितीतरी जिवांचे आकारही याच हिशेबानं घडतात. म्हणून तर मला वाटतं, तुमचं पहिलं विणकाम समुद्रातल्या प्राण्याचंच असावं.

लोकर फिक्या रंगाची घ्या. पिवळी, आकाशी, गुलाबी, कोणतीही चालेल, पण काळी किंवा गडद निळी नको. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत आणि सुरुवातीला टाके नीट दिसणं फार गरजेचं असतं. घरात किंवा शेजारी क्रोशा येणारी आजी, आत्या, काका कुणीही असेल, तर त्यांच्याकडून दोनच गोष्टी शिकून घ्या : साखळी कशी घालायची आणि मुका खांब कसा घालायचा. मुका खांब म्हणजे सगळ्यांत बुटका, साधा टाका. आपला अख्खा ऑक्टोपस या दोन गोष्टींत होतो.

आता धाग्याचं एक छोटं कडं करा आणि त्यात सहा मुके खांब घाला. कडं ओढून घट्ट केलं की मधोमध इवलंसं फूल दिसेल. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन टाके घाला, म्हणजे झाले १२. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं करत गेलं की १८. मग २४, मग ३०. प्रत्येक फेरीत सहाच टाके वाढले. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, नाहीतर फेरी कुठे सुरू झाली ते कळणार नाही. हातात बघा : छान सपाट चकती तयार झाली!

पण सहाच का? पाच किंवा नऊ का नाही?

वर्तुळाचा परीघ म्हणजे २ गुणिले पाय गुणिले त्रिज्या, हे तुमच्यातले मोठे शाळेत शिकले असतील. पाय म्हणजे साधारण ३.१४, त्याची दुप्पट ६.२८. म्हणजे त्रिज्या एकानं वाढली की परीघ सव्वासहानं वाढतो. मुका खांब जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच असतो. एक फेरी विणली म्हणजे चकतीची त्रिज्या एका टाक्यानं वाढली. मग कडेला किती टाके जास्त लागणार? सव्वासहा! लोकर थोडी ताणली जाते, म्हणून सहावर भागतं. पडताळून पाहायचं असेल तर उंच खांबाची चकती विणणाऱ्यांना विचारा. तो टाका मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून ते दर फेरीला बारा टाके वाढवतात. हा नियम कुणी गणितज्ञानं त्यांना सांगितलेला नसतो. विणणाऱ्या हातांनी तो करून करून शोधलेला आहे.

यातली खरी गंमत अशी की चकती केवढीही असू दे, दुसरी फेरी असो की पन्नासावी, वाढवायचे टाके सहाच. पटत नाही? मग हे ऐका. पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती एक दोरी घट्ट बांधली आहे असं समजा. ती सुमारे ४०,००० किलोमीटर लांब होईल. आता ती सगळीकडून जमिनीच्या एक मीटर वर उचलायची आहे. दोरी किती वाढवावी लागेल? अवघी ६.२८ मीटर! मोठ्या माणसांना हे कोडं घाला. बरेच जण किलोमीटरमध्येच उत्तर देतील.

बरं, आपण ३० टाक्यांवर होतो. आता टाके वाढवणं बंद करा. सहा फेऱ्या ३० टाक्यांच्याच विणा. कडेला जेवढी जागा हवी तेवढे टाके मिळाले नाहीत की कापड आडवं पसरू शकत नाही, मग ते खाली वळतं. चकतीची वाटी होऊ लागते. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवाभोवतीची अक्षवृत्तं पाहा. आधी ती भराभर मोठी होतात, मग हळूहळू, आणि विषुववृत्ताशी त्यांचं वाढणं थांबतं. तिथून दक्षिणेकडे ती लहान होत जातात. आपणही तसंच करणार आहोत. पुढच्या फेरीत तीन टाके साधे घाला, मग दोन टाके मिळून एक करा. असं फेरीभर केलं की ३० चे २४ होतात.

इथे जरा थांबा, कारण जे विणून झालं आहे त्याला सगळे ऑक्टोपसचं डोकं म्हणतात. ते फक्त डोकं नाही! खऱ्या ऑक्टोपसच्या त्या फुगीर पिशवीत त्याचं पोट असतं, कल्ले असतात आणि हृदयं असतात. हृदयं, कारण ती तीन आहेत. दोन हृदयं रक्त कल्ल्यांकडे ढकलतात आणि तिसरं ते बाकीच्या शरीरात फिरवतं. रक्त निळं असतं, कारण आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या पदार्थात लोह असतं, तर त्याच्या रक्तातल्या पदार्थात तांबं. डोळे आणि मेंदू असतात ते पिशवी आणि भुजा यांच्या मधल्या भागात. म्हणून तुमच्या ऑक्टोपसचे डोळे वर कपाळावर घालू नका, खाली भुजांच्या जवळ घाला.

आता भुजा. २४ टाक्यांच्या कडेवरून २५ साखळ्यांची एक शेपटी काढा. सुईजवळची एक साखळी सोडून उरलेल्या २४ मध्ये प्रत्येकी दोन मुके खांब घालत परत या. मध्येच हातात काय होतंय ते बघत राहा! भुजा आपोआप गोल गोल वळू लागते. तुम्ही ती वळवत नाही. तिची एक कड २४ साखळ्यांची आहे आणि दुसरीवर आहेत ४८ टाके. एवढी लांब कड एवढ्याशा जागेत सरळ बसणार कशी? तिला वळ्या घेत फिरावंच लागतं. भुजा झाली की कडेवरचे तीन टाके पुढे जा आणि दुसरी सुरू करा. तीन आठे चोवीस, म्हणजे आठही भुजा बरोबर बसतात.

एखादी भुजा वेडीवाकडी झाली तर धागा ओढून उसवा आणि पुन्हा घाला. दोन सुयांवरच्या विणकामात एका वेळी कितीतरी टाके सुईवर असतात. ते निसटले की घरातली शांतता संपते. क्रोशात मोकळा फास एकच असतो, त्यामुळे हवं तेवढंच उसवता येतं. खऱ्या ऑक्टोपसचीही भुजा तुटली तर नवी उगवते, बरं का. आणि त्याच्या भुजा नुसत्या हातासारख्या कामाच्या नसतात. त्याच्या शरीरात सुमारे ५० कोटी मज्जापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश या आठ भुजांमध्येच असतात. भुजेवरच्या चूषकांना चवही कळते. खडकाच्या फटीत भुजा घातली की आत खेकडा आहे की नुसता दगड, ते तिला तिथल्या तिथे समजतं.

मग हाडं नसताना एवढी ताकद कशी? जीभ बाहेर काढा. डावीकडे वळवा, टोक वर उचला. तुमच्या जिभेत एकही हाड नाही, तरी ती हवी तशी ताठ होते. जिभेत उभे, आडवे, तिरके स्नायू असतात. ते एकमेकांवर दाब देतात आणि त्या दाबाच्या आधारावर जीभ हलते. स्नायू एका बाजूनं आवळला की दुसऱ्या बाजूनं लांब होतो, कारण आतला ऐवज तेवढाच राहतो. ऑक्टोपसची भुजा आणि हत्तीची सोंड याच युक्तीवर चालतात. अख्ख्या ऑक्टोपसमध्ये खरोखर कडक अशी मोठी गोष्ट एकच, त्याची चोच. चोच जिथून जाते तिथून बाकीचा ऑक्टोपसही जातो.

आपल्या ऑक्टोपसला आकार देईल कापूस. तो आतून बाहेर ढकलतो आणि लोकरीचे टाके त्याला धरून ठेवतात. कापूस थोडा थोडा, मोकळा करून भरा. गोळा करून कोंबलात तर पिशवीला टेंगळं येतील. मग ६, १२, १८, २४ अशी आणखी एक चकती विणा आणि खालच्या २४ टाक्यांच्या कडेला शिवून टाका. २४ ला २४, टाक्याला टाका! डोळ्यांवर बाहुली काळ्या दोऱ्यानं आडवी रेघ मारून भरा. ऑक्टोपसची बाहुली आडवीच असते, आणि तो खडकावर उलटा-तिरपा कसाही चढला तरी तो ती आडवीच राखतो.

डेन्मार्कमध्ये २०१३ साली काही स्वयंसेवकांनी दवाखान्यांतल्या, वेळेआधी जन्मलेल्या इवल्या बाळांसाठी असे ऑक्टोपस विणायला सुरुवात केली. पुढे ही चळवळ बऱ्याच देशांत पोहोचली. या बाळांना नळ्या लावलेल्या असतात आणि ती त्या ओढतात. हाताला लोकरीची वळीदार भुजा लागली की बाळ ती मुठीत धरतं, असा परिचारिकांचा अनुभव. त्यामुळे बाळाला बरं वाटतं हे मोजून दाखवणारं संशोधन अजून थोडंच झालं आहे. पण या ऑक्टोपसचे नियम मात्र अगदी काटेकोर आहेत. धागा शुद्ध सुती हवा, ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुता यायला हवा, भुजा ताणूनही २२ सेंटिमीटरपेक्षा लांब होता कामा नये, आणि डोळ्यांना बटणं लावायची नाहीत, ते दोऱ्यानंच भरायचे. घरात रांगणारं भावंड असेल तर हे नियम तुम्हीही पाळा.

आता उरलेल्या लोकरीचं काय करायचं? आपण सहा टाके वाढवले तेव्हा चकती सपाट झाली, वाढवले नाहीत तेव्हा ती वाटीसारखी वळली. मग सहापेक्षा खूप जास्त वाढवले तर? कडेला जागा कमी आणि टाके फार, म्हणून कड वरखाली लाटा घेऊ लागते, कोबीच्या कुरळ्या पानासारखी. असा पृष्ठभाग गणितज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून कागदावर माहीत होता. पण तो हातात धरता येईल असा बनवणं अवघड होतं. कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेले नमुने फाटायचे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या दाइना ताइमिन्या यांनी क्रोशाची सुई उचलली. त्या लाटव्हिया देशातल्या, क्रोशा लहानपणीच शिकलेल्या. त्यांनी तो पृष्ठभाग चक्क विणला! त्यावर रंगीत दोऱ्यानं रेषाही घातल्या. सपाट कागदावर एका बिंदूतून दिलेल्या रेषेला समांतर अशी एकच रेषा जाते. या लाटालाटांच्या विणकामावर एकाच बिंदूतून कितीतरी रेषा जातात आणि पहिल्या रेषेला एकही छेदत नाही. विद्यार्थ्यांना ते घडी घालून, बोट फिरवून बघता येऊ लागलं.

मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या बहिणींनी ताइमिन्या यांचे हे नमुने पाहिले आणि २००५ मध्ये लोकरीचं प्रवाळबेट विणायला घेतलं. कारण हाच लाटालाटांचा आकार समुद्रात जागोजागी दिसतो : प्रवाळांमध्ये, समुद्री शैवालात, रंगीत समुद्री गोगलगायींच्या कडांवर. पाण्यातून वाहत येणारं अन्न पकडायचं तर अंगाचा पृष्ठभाग जास्त हवा, आणि थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग मावतो तो अशा लाटांमुळे. समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात आणि ताप टिकला तर मरतात, हेही त्या बहिणींना लोकांपुढे आणायचं होतं. जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात आपापले तुकडे विणून दिले. प्रवाळ आपल्यापासून फार दूर नाहीत. मालवणच्या समुद्रात ते आहेत आणि तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं.

तुम्हालाही प्रवाळ विणता येईल. दहा टाक्यांचं कडं करा आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक टाक्यात दोन टाके घाला. दहाचे वीस, विसाचे चाळीस, मग ८०, १६०, ३२०. सहाव्या फेरीपर्यंत हातात घट्ट, कुरळा प्रवाळ तयार! पुढे जायचा मोह झाला तर आधी हिशेब करा. दहाव्या फेरीत तुम्हाला ५,१२० टाके घालावे लागतील. तेवढी लोकर नसेल तर दर पाच टाक्यांनंतर एकच टाका वाढवून बघा. लाटा सावकाश आणि सैल येतील, पण तोही प्रवाळच, फक्त वेगळ्या जातीचा.