'मार्क्सवाद-लेनिनवाद' : संज्ञेचा अर्थ आणि वापर

इक्बाल यांच्या 'बाल-ए-जिब्रील' (१९३५) या संग्रहात लेनिनला खुदासमोर उभे करणारी नज्म आहे. ती शिकवताना वर्गात प्रश्न निघतोच : मार्क्स आणि लेनिन यांचा विचार एकच का? उत्तर देताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पहिली, मार्क्स (१८१८-१८८३) यांची भांडवलशाहीची चिकित्सा. कामगारवर्गाची मुक्ती कामगारांनीच मिळवावयाची आहे, हे त्यांचे प्रतिपादन. दुसरी, लेनिन (१८७०-१९२४) यांची भर. कामगार आपणहून मजुरीच्या मागण्यांपलीकडे जात नाही, म्हणून शिस्तबद्ध क्रांतिकारी पक्ष हवा, असे त्यांनी 'काय करावे?' (१९०२) या पुस्तकात मांडले. साम्राज्यवाद ही भांडवलशाहीची सर्वोच्च अवस्था होय, हा त्यांचा दुसरा सिद्धान्त. वसाहतींतील तरुणांना तोच अधिक भावला.

तिसरी गोष्ट म्हणजे ही जोडसंज्ञा. ती लेनिन यांच्या मृत्यूनंतर, स्टालिन यांच्या काळात रूढ झाली. १९३८ साली पक्षाच्या इतिहासाचे अधिकृत पुस्तक निघाले आणि तिला ठरीव साचा मिळाला. एकपक्षीय सत्ता, राज्याची मालकी व केंद्रीय नियोजन यांचे ते राजमान्य तत्त्वज्ञान बनले. चिकित्सेतून जन्मलेल्या विचाराची चिकित्सा करणे हाच गुन्हा ठरला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला; चीन व व्हिएतनामच्या राज्यघटनांत मात्र ही संज्ञा आजही आहे, जरी तेथे खाजगी उद्योग भरभराटले आहेत.

भारतात घोटाळा वेगळाच होतो. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटून 'मार्क्सवादी' पक्ष निघाला. १९६९ मध्ये लेनिनजयंतीला, २२ एप्रिल रोजी, 'मार्क्सवादी-लेनिनवादी' पक्ष स्थापन झाला. या नावामुळे मार्क्सवादी-लेनिनवादी म्हणजे नक्षलवादी, असा समज पसरला. वास्तविक निवडणुका लढविणारे दोन्ही जुने पक्षही हीच विचारसरणी मानतात. हैदराबादचे शायर मख्दूम मोहिउद्दीन (१९०८-१९६९) तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याच्या नेत्यांपैकी एक. पुढे ते विधिमंडळातही बसले. दोन्ही मार्ग एकाच संज्ञेखाली आले.

म्हणून व्याख्या पाठ करून घेण्यापूर्वी अध्यापकाने विचारावे : हा शब्द कोण, केव्हा आणि कशासाठी वापरीत आहे? हे न विचारणारा विद्यार्थी उद्या गरिबाची बाजू मांडणाऱ्या कोणालाही बिल्ला लावून मोकळा होईल, किंवा गरिबाच्या नावाने चाललेल्या जुलमालाही मान डोलावील. इक्बालांच्या नज्मेतील लेनिन तर खुदालाही प्रश्न विचारतो.