कमाई हलाल, मग बचत कुठे ठेवायची?

रमजान हा रोजे, तरावीह आणि कुरआन पठणाचा महिना आहे, तसाच तो हिशेबाचाही महिना आहे. ज्याच्या त्याच्या मालमत्तेला चांद्रवर्ष पूर्ण झाले की जकात फर्ज होते, तरीही बहुसंख्य कुटुंबे हा हिशेब रमजानमध्येच मांडतात. घरातले सोने, बँकेतली शिल्लक, दुकानातला माल, लोकांकडून येणे आणि लोकांचे देणे, सगळे एका कागदावर येते. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता असेल तर अडीच टक्के रक्कम बाजूला काढली जाते. हा कागद समोर असताना अनेक घरांत एक प्रश्न दरवर्षी निघतो. कमाई हलाल आहे, पण ती ठेवायची कुठे?

या प्रश्नाची नेहमीची उत्तरे ठरलेली आहेत. कुणी सोने घेतो, कुणी गावाकडे जमिनीचा तुकडा, कुणी ओळखीच्या लोकांत भिशी लावतो. बाकीचे पैसे बँकेच्या बचत खात्यात पडून राहतात. त्यावर जमा होणारे व्याज अनेक जण वेगळे काढतात आणि सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकतात. श्रद्धेच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण मुलीचे शिक्षण, घर, हजचा खर्च आणि म्हातारपण ही गरज दरवर्षी महाग होत जाते आणि खात्यात पडलेला पैसा मात्र तिथेच राहतो. व्याज नको म्हणणाऱ्या माणसाला बचत वाढवण्याचा मार्गच नाही, असा समज त्यातून पक्का झाला आहे.

शरियतने मात्र नफ्याला मनाई केलेली नाही. मनाई आहे ती रिबाला, म्हणजे व्याजाला. गररला, म्हणजे फसव्या अनिश्चिततेला. आणि मैसिरला, म्हणजे जुगाराला. व्यापारातला नफा जायज आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत खदिजा (रजि.) यांच्या भांडवलावर व्यापार केला होता, हे प्रत्येक सीरतमध्ये वाचायला मिळते. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्यात ठरलेला वाटा, या भागीदारीला फिकहमध्ये मुदारबा म्हणतात. कंपनीचा शेअर म्हणजेही त्या धंद्यातला छोटासा हिस्सा. म्हणून शेअर घेण्याला मुळात हरकत नाही, असे आजच्या अनेक उलेमांचे मत आहे. खरा प्रश्न पुढे येतो. तो धंदा कोणता आणि तो चालतो कुणाच्या पैशावर?

सामान्य माणसाला याचे उत्तर एकट्याने शोधता येत नाही. मौलानांना मसला ठाऊक असतो, पण कंपनीचा ताळेबंद वाचण्याची सवय असतेच असे नाही. चार्टर्ड अकाउंटंटला ताळेबंद कळतो, पण फिकहचा बारकावा त्याच्या अभ्यासातला नसतो. या दोघांना एका टेबलाशी बसवण्याच्या गरजेतून शरियत सल्लागार नावाचे काम उभे राहिले. अमेरिकेत १९८६ मध्ये अमाना नावाचा म्युच्युअल फंड सुरू झाला, तर १९९९ मध्ये डाऊ जोन्सने इस्लामी निर्देशांक आणला. भारतात मुंबईच्या ‘तासिस’ या संस्थेने हे काम हाती घेतले. तिच्या चाळणीवर आधारलेला ५० कंपन्यांचा शरिया निर्देशांक मुंबई शेअर बाजाराने २०१० मध्ये सुरू केला. टाटा एथिकल फंड, २००९ पासूनचा टॉरस एथिकल फंड आणि त्याच वर्षी आलेला शरिया बीज हा ईटीएफ या त्याच वाटेवरच्या योजना आहेत.

सल्लागारांची चाळणी दोन पायऱ्यांची असते. पहिली पायरी धंद्याची. दारू, तंबाखू, डुकराचे मांस, जुगार आणि अश्लील करमणूक यांच्या कंपन्या बाहेर जातात. बँका, कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या आणि प्रचलित विमा कंपन्याही बाहेर जातात, कारण त्यांच्या धंद्याच्या मुळाशीच व्याज आहे.

दुसरी पायरी आकड्यांची. औषधे बनवणारी कंपनी असली तरी ती बँकेचे कर्ज घेतेच आणि तिची शिल्लक रक्कमही कुठेतरी व्याजावर ठेवलेली असते. व्याजाचा अजिबात स्पर्श नसलेली मोठी कंपनी आज सापडणे जवळपास अशक्य. म्हणून उलेमांनी नाइलाज म्हणून मर्यादा आखून दिल्या. तासिसच्या निकषांत कर्ज एकूण मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि व्याजाचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपर्यंत चालते. काही आंतरराष्ट्रीय निर्देशांक कर्जासाठी ३३ टक्के आणि निषिद्ध उत्पन्नासाठी ५ टक्के ही मर्यादा पाळतात. आणखी एक अट रोकड आणि येणे रकमेची आहे. कंपनीकडे यंत्रे, इमारती, माल असे काही नसून नुसती रोकड आणि येणीच असतील, तर तिचा शेअर विकणे म्हणजे पैशाच्या बदल्यात कमीजास्त पैसा घेण्यासारखे होईल. म्हणून तासिसने या दोन्हींची बेरीज मालमत्तेच्या ९० टक्क्यांच्या आत हवी असे ठरवले.

एका कल्पित कंपनीच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तिची मालमत्ता १०० कोटींची आणि कर्ज २० कोटींचे आहे. वर्षाचे उत्पन्न ५० कोटी, त्यात व्याजाचे १ कोटी. कर्ज २० टक्के, व्याज २ टक्के. कंपनी चाळणीतून पार झाली. पण सल्लागाराचे काम इथे संपत नाही. या कंपनीने एखाद्याला १,००० रुपये लाभांश दिला, तर त्यातले २ टक्के, म्हणजे २० रुपये, व्याजाच्या वाट्याचे. ते सवाबची नियत न ठेवता दान करायचे. याला ततहीर, म्हणजे कमाईचे शुद्धीकरण म्हणतात. हे २० रुपये जकातीत मोजायचे नाहीत. जकात स्वतःच्या पाक मालातून द्यायची असते आणि ती वेगळीच निघते. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने मोठे कर्ज काढले आणि ती मर्यादेबाहेर गेली, तर शेअर विकून बाहेर पडण्याचा सल्लाही द्यावा लागतो.

जकातीचा प्रश्नही रमजानमध्ये सल्लागारांकडे हमखास येतो. खरेदी-विक्रीच्या हेतूने घेतलेले शेअर हा व्यापाराचा माल मानला जातो आणि त्यांच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात निघते. लाभांशासाठी वर्षानुवर्षे ठेवलेल्या शेअर्सवर मात्र कंपनीची रोकड, माल आणि येणे यांतल्या आपल्या हिश्शापुरतीच जकात द्यावी, असे अनेक उलेमा सांगतात. नियत कोणती होती, हे गुंतवणूकदारालाच सांगावे लागते.

या सगळ्यात एक गोष्ट सल्लागाराने लपवू नये. चाळणीची किंमत मोजावी लागते. निफ्टीमध्ये बँका आणि वित्त कंपन्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असतो. तो पूर्ण वगळला की पैसा साहजिकच आयटी, औषधे आणि रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांकडे जास्त वळतो. बँकांचे शेअर उसळतात तेव्हा असे फंड मागे पडतात. बँका कोसळतात तेव्हा त्यांना कमी झळ बसते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मुदत ठेव, रोखे आणि सरकारी बचत योजना यांच्यावर व्याज असल्याने निवृत्त माणसासाठी स्थिर उत्पन्नाचे मार्ग फार थोडे उरतात. मलेशियात किंवा आखाती देशांत सुकूक नावाची मालमत्तेवर आधारलेली रोखेपत्रे मिळतात, भारतातल्या सामान्य बचतदाराला ती उपलब्ध नाहीत. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. स्टेट बँकेच्या म्युच्युअल फंडाची शरिया योजनाही २०१४ मध्ये ऐनवेळी पुढे ढकलली गेली. म्हणून साठीच्या माणसाला ‘सगळे पैसे शरिया फंडात टाका’ असे सांगणारा सल्लागार त्याचा हितचिंतक नव्हे. शेअर बाजार एका वर्षात खूप खाली येऊ शकतो आणि औषधपाण्याचा खर्च थांबत नाही. थोडे सोने, भाडे देणारी एखादी जागा, हाताशी दोन-तीन वर्षांच्या खर्चाची रोकड आणि उरलेल्यातला काही भाग फंडात, अशी मांडणी त्याला परवडते.

हलाल मार्गाची ही ओढ ओळखून काहींनी तिचाच धंदा केला. बेंगळुरूची ‘आयएमए’ ही त्याची सर्वांत कटू आठवण. तिच्या पूर्ण नावातच ‘अॅडव्हायजरी’, म्हणजे सल्ला हा शब्द होता. हलाल नफ्याच्या नावाने लोकांना भागीदार करून घेतले गेले, दरमहा घसघशीत परतावा दिला गेला आणि जून २०१९ मध्ये सारा डोलारा कोसळला. कंपनीचा प्रमुख देश सोडून गेला, पुढच्या महिन्यात परतल्यावर त्याला अटक झाली. तोवर हजारो कुटुंबे तक्रार देण्यासाठी रांगेत उभी होती. रक्कम हजारो कोटींच्या घरात होती. लग्नासाठी जमवलेले दागिने विकून आणि निवृत्तीचे पैसे काढून लोकांनी त्यात गुंतवणूक केली होती.

त्या कागदांवर एखाद्या जाणकार सल्लागाराची नजर पडली असती तर त्याला दोन गोष्टी तिथेच खटकल्या असत्या. मुदारबामध्ये नफ्याचा वाटा ठरवता येतो, नफ्याची हमी देता येत नाही. भांडवल सुरक्षित आणि दरमहा परतावा पक्का, असे कुणी म्हणत असेल तर तो व्यवहार नाव कोणतेही दिले तरी व्याजाकडेच झुकतो. दुसरीकडे सेबीचा कायदाही सल्लागाराला परताव्याची हमी देऊ देत नाही. म्हणजे जे फिकहमध्ये बसत नाही तेच कायद्यातही बसत नाही. टोपी, दाढी, मशिदीबाहेर लावलेला फलक किंवा एखाद्या मोठ्या मौलानांसोबतचा फोटो यातून ही तपासणी होत नाही.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत सूरह बकरामध्ये आहे आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार: तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत. जवळच्या नात्यातल्या माणसाकडे कागद मागणे अविश्वासाचे वाटते, पण ही शिकवण पाहता कागद मागणे हाच दीनदार व्यवहार ठरतो. म्हणून सल्लागाराकडे जाताना काही प्रश्न सोबत न्यावेत. सेबीकडे नोंदणी आहे का? गुंतवणूक सल्लागाराचा नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, म्युच्युअल फंड वितरकाकडे एआरएन क्रमांक असतो आणि दोन्ही संकेतस्थळावर तपासता येतात. फी घेता की कमिशन? २०१३ च्या नियमावलीत २०२० मध्ये झालेल्या बदलानुसार सल्लागाराला एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी आणि त्याच्याच गुंतवणुकीवरचे कमिशन, दोन्ही घेता येत नाही. शरियत मंडळात कोण आहेत, त्यांचे निकष लेखी कुठे वाचायला मिळतील आणि ततहीरची रक्कम दरवर्षी कोण काढून देणार? शेवटचा प्रश्न असा: पैसे कुणाच्या नावाच्या खात्यात जाणार? म्युच्युअल फंडाचे पैसे फंडाच्या खात्यात जातात, सल्लागाराच्या किंवा त्याच्या भावाच्या खात्यात नाही.

श्रद्धेने गुंतवणूक करणारे मुस्लिम एकटे नाहीत. फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांनी १७५८ मध्येच गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या आपल्या सदस्यांना पंथाच्या कारभारापासून दूर ठेवायचे ठरवले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७१ मध्ये, मेथॉडिस्ट चर्चशी संबंधित मंडळींनी शस्त्रांच्या कंपन्या टाळणारा पॅक्स वर्ल्ड फंड काढला. त्याच वर्षी अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने जनरल मोटर्सच्या भागधारकांच्या सभेत कंपनीने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावे असा ठराव मांडला. ठराव पडला, पण भागधारक म्हणून धर्मसंस्थेने जाब विचारण्याची वाट त्यातून मोकळी झाली.

शरियत सल्लागारांपुढचे पुढचे काम याच वाटेवर आहे. आजची चाळणी व्याज आणि दारू अचूक पकडते. मात्र कामगाराची मजुरी थकवणारी किंवा नदीत विषारी सांडपाणी सोडणारी कंपनी केवळ कर्ज कमी म्हणून तीतून पार होऊ शकते. मजुराचे हक्क आणि पाण्याची निगा यांबद्दल इस्लामची शिकवण कमी कडक नाही. एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या सर्व ठरावांवर मतदान करणे आणि ते जाहीर करणे सेबीने बंधनकारक केले आहे. आपल्या फंडाने कोणत्या ठरावाला हो म्हटले आणि कोणत्याला नाही, हे आता कुणालाही वाचता येते. सल्लागाराला तेही विचारता येईल. या रमजानमध्ये जकातीचा कागद काढताना त्यावर एक ओळ गुंतवणुकीचीही लिहावी आणि तिच्यापुढे वर्षभरात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मांडावीत. ज्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तिथला पैसा काढून घेण्यासाठी ईदची वाट पाहण्याची गरज नाही.